व्हिएतनामचं रस्त्यावरचं खाणं: जाण्याआधी मराठी प्रवासी विचारतात ते प्रश्न

मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी व्हिएतनामला जाऊन आलेलं असतं. परतल्यावर मंडळी हा लाँग बेच्या क्रूझबद्दल बोलतात, कू चीच्या भुयारांबद्दल बोलतात. जेवणाचं विचारलं तर म्हणतात, "इंडियन हॉटेल होतं, सोय झाली." मला याची फार हळहळ वाटते. या देशातला सर्वांत मोठा आनंद फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून मिळतो, आणि तोही अगदी थोड्या पैशांत. जाण्याआधी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी देतो आहे.

इतक्या टपऱ्यांमधून चांगली टपरी ओळखायची कशी?

पाटीवर एकच पदार्थ लिहिलेला असेल तिथे बसा. व्हिएतनामी खाण्याबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं.

तिथली चांगली टपरी बहुधा एका कुटुंबाची असते आणि ते कुटुंब वर्षानुवर्षं एकच गोष्ट करत असतं. फोवाला फोच (म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया) विकतो, तोही बीफचा किंवा कोंबडीचा, दोन्ही क्वचितच. बुन चावाली सकाळपासून निखारे पेटवून डुकराच्या मांसाच्या चपट्या वड्या भाजते, तिच्याकडे दुसरं काही मागायला जाऊ नये. फार तर सोबतीला तळलेले रोल मिळतील. अशा ठिकाणी मेन्यू कार्ड नसतं, कारण निवडायला काही नसतं. तुम्ही बसलात की पुढ्यात वाडगा येतो. किती माणसं आहेत एवढं बोटांनी दाखवायचं.

उलट, पर्यटकांच्या गल्लीत पाच भाषांतला, फोटोंचा, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला मेन्यू घेऊन कोणी दारात उभं राहून बोलावत असेल तर पुढे चला. फो, पिझ्झा, पॅड थाई आणि बटर चिकन एकाच स्वयंपाकघरातून येत असेल तर त्यातलं काहीच मन लावून केलेलं नसतं.

बाकीच्या खुणा साध्या आहेत. पातेलं उकळतं आहे का? दुपारी ऑफिसची माणसं बसली आहेत का? सकाळी गणवेशातली मुलं आईच्या स्कूटरवरून उतरून खाताहेत का? जमिनीवर कागदी रुमालांचे बोळे पडलेले दिसले तर बिचकू नका. कित्येक जुन्या ठिकाणी ते खालीच टाकायची पद्धत आहे आणि दुपारी सगळं झाडून धुतलं जातं. स्वच्छता बघायची तर वाडगे कुठे धुतात आणि भाजी कशी झाकून ठेवतात ते बघा.

आणखी एक. "गिया त्रुएन", म्हणजे घराण्यात चालत आलेलं, असं जवळजवळ प्रत्येक पाटीवर लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. हनोईत दुकानाचं नाव म्हणून नुसता घर क्रमांक किंवा मालकाचं नाव असतं. अशा साध्या पाट्यांवर माझा जास्त विश्वास आहे.

"दुपारी चार वाजता गेलो तर सगळं बंद!" असं का होतं?

कारण प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. आपले लोक सकाळी हॉटेलचा बुफे खाऊन निघतात, दिवसभर फिरतात आणि रात्री साडेनऊला जेवायला जागा शोधतात. या वेळापत्रकात व्हिएतनाममधलं उत्तम खाणं नेमकं निसटतं.

सकाळी सहा ते नऊ ही खरी सुवर्णवेळ. फो, तांदळाच्या पातळ वाफवलेल्या पापुद्र्यांचे बान कुऑन, चिकट भाताचा सोय, दक्षिणेत कण्यांच्या भाताचं कॉम ताम, हे सगळं तेव्हाच. उत्तम फोचं पातेलं दहापर्यंत संपलेलंही असतं. अकरा ते दीड हनोईत बुन चा आणि सगळीकडे "कॉम बिन्ह यान", म्हणजे साध्या माणसाची राइस प्लेट. काचेमागे पंधरा-वीस पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं आणि भाताबरोबर घ्यायचं. त्यानंतर शहर झोपतं. दुकानदार खुर्चीत मान टाकून पेंगत असतो, त्याला उठवू नका. तीन-चारनंतर गोड आणि तळणीची पाळी: केळ्याची भजी, चे नावाचं डाळी-नारळ-बर्फाचं गोड. जेवण सहा-सातलाच होतं. रात्री निखाऱ्यावर भाजलेलं मांस, शंख-शिंपल्या, हॉटपॉट आणि बिया होई, म्हणजे रोजची ताजी पिंपातली हलकी बिअर.

एकाच फुटपाथवर सकाळी फो, दुपारी भात आणि रात्री शिंपल्या विकणारी तीन वेगळी कुटुंबं असू शकतात. म्हणून "गुगल मॅपवर होतं, पण तिथे भलतंच काही निघालं" अशी तक्रार ऐकू येते. पत्ता बरोबर असतो, वेळ चुकलेली असते.

हॉटेल निवडतानाच न्याहरी वगळून खोली घ्या. पैसेही वाचतात.

फो एवढा प्रसिद्ध का? आणि हनोईचा आणि सायगॉनचा (म्हणजे हो ची मिन्ह सिटीचा) फो वेगळा असतो का?

वेगळा असतो, आणि दोन्हीकडची माणसं यावर तासभर वाद घालू शकतात.

फोचा जन्म उत्तरेतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. हनोई आणि तिच्या दक्षिणेचा नाम दिन्ह (२०२५ पर्यंत वेगळा प्रांत), दोघेही त्यावर हक्क सांगतात. शेतीच्या बैलांच्या या देशात बीफ फारसं खाल्लं जात नसे. फ्रेंचांना ते हवं असे, आणि उरलेल्या हाडांचा रस्सा करून त्यात तांदळाच्या शेवया घालून विकणारे फेरीवाले पुढे आले, असं साधारणपणे सांगतात. कावडीच्या एका टोकाला पातेलं, दुसऱ्या टोकाला वाडगे. २०२४ मध्ये व्हिएतनाम सरकारने हनोईचा फो आणि नाम दिन्हचा फो, दोघांनाही राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

१९५४ मध्ये देशाची फाळणी झाली आणि लाखो उत्तरेकडचे लोक दक्षिणेत आले. त्यांच्याबरोबर फो सायगॉनला पोचला आणि तिथल्या सुबत्तेत बदलला. हनोईचा फो आजही साधा आहे: स्वच्छ रस्सा, रुंद मऊ शेवया, भरपूर कांद्याची पात, बाजूला लसूण घातलेलं व्हिनेगर आणि मिरची, बुडवून खायला तळलेल्या पिठाची क्वाय. सायगॉनमध्ये रस्सा थोडा गोडसर असतो आणि सोबत तुळस, काटेरी कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबू, गोडा काळा सॉस यांचं ताट येतं. हनोईच्या माणसाला त्या काळ्या सॉसची बाटली दाखवलीत तर तो नाक मुरडेल.

मधल्या काळाची एक आठवण तिथले वयस्क लोक सांगतात. युद्धाच्या आणि नंतरच्या रेशनच्या वर्षांत सरकारी दुकानांतून मांसाशिवाय फो मिळे. अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमानं तेव्हा डोक्यावरून जात. लोकांनी त्या फोला "वैमानिक नसलेला फो" म्हणायला सुरुवात केली. १९८६ च्या दोई मोई आर्थिक सुधारणांनंतर खासगी दुकानं मोकळेपणाने उघडू लागली आणि आज फुटपाथवर दिसणारी गर्दी जमत गेली. समोरच्या वाडग्यात मांस दिसतं तेव्हा मला ही गोष्ट आठवते, आणि तो वाडगा अर्धा टाकून उठणारे पर्यटक बघवत नाहीत.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

राहणार नाही. शब्द एकच पाठ करा: चाय. इंग्रजी अक्षरांत सी-एच-ए-वाय असं लिहितात. पाटीवर "कॉम चाय" किंवा "क्वान चाय" दिसलं की आत जा. तिथलं सगळं जेवण बौद्ध पद्धतीचं शाकाहारी असतं.

व्हिएतनाममध्ये कित्येक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबात अमावस्येच्या सुमाराला आणि पौर्णिमेला, मांस-मासे वर्ज्य करतात. काही जण महिन्याला दहा दिवस पाळतात, भिक्षू-भिक्षुणी कायम. त्यामुळे चाय दुकानं पर्यटकांसाठी निघालेली नाहीत, ती तिथल्या श्रद्धेची आहेत आणि गल्लीबोळांत आहेत. तुमच्या प्रवासात पौर्णिमा येत असेल तर फार छान: त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या काही टपऱ्याही चाय पदार्थ करतात. ह्वे हे विहारांचं शहर, तिथे हा शोध सर्वांत सोपा.

काय खाल? फो चाय आणि बुन बो ह्वे या ह्वेच्या तिखट शेवया-रश्शाची चाय आवृत्ती, ज्यात गवती चहाचा सुगंध जसाच्या तसा असतो. टोफू, मशरूम, फणस, केळफूल यांच्या भाज्या. तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले ताजे रोल. सोयाबीनपासून केलेले, हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे पाहून दचकू नका. चाय दुकानात ते सोयाचेच असतात.

चाय दुकानाबाहेर मात्र सावध राहा. नुसतं "भाजी" मागितली म्हणजे शाकाहार मिळाला असं नाही. रस्सा हाडांचा असतो, पालेभाजीत नुओक माम हे माशांचं सॉस पडतं किंवा ऑयस्टर सॉस पडतं. वरून हाडांच्या अर्काचे दाणे घातले जातात, त्यांना "हात नेम" म्हणतात. चिकट भाताच्या सोयवर भुरभुरलेला खमंग तळलेला कांदा कित्येकदा डुकराच्या चरबीत तळलेला असतो. टोमॅटोतला टोफू दिसायला निरागस, पण त्यात हमखास माशांचं सॉस. "तोय आन चाय" (मी शाकाहारी खातो) आणि "खोंग नुओक माम" (माशांचं सॉस नको) ही दोन वाक्यं बोलून बघा, पण सूर चुकला तर अर्थ पोचत नाही. त्यामुळे भाषांतराच्या ॲपमध्ये व्हिएतनामी वाक्य लिहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवणं उत्तम. अंडं चालतं की नाही तेही त्यातच लिहा.

जैन मंडळींसाठी एक चांगली बातमी: कर्मठ बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य आहे, त्यामुळे विहाराजवळच्या चाय दुकानांत तो बहुधा नसतो. गाजर, मुळा आणि मशरूम मात्र सर्रास असतात, ते वेगळं सांगावं लागेल.

रस्त्यावर निर्धास्त खाण्यासारखं: भाजलेलं कणीस, भाजलेलं रताळं, कापलेली फळं (समोर कापून घ्या), उसाचा रस, आणि उत्तरेत ज्याला ताओ फो म्हणतात ते पाकातलं अगदी लुसलुशीत टोफू. अंडं खात असाल तर अंड्याची बान मी (व्हिएतनामी पावाचं सँडविच) मागा, पण "खोंग पाते" (पाते नको) सांगायला विसरू नका. नाहीतर पावाला आतून पाते, म्हणजे वाटलेली कलेजी, आधीच लावलेली असते.

मांसाहार चालतो, पण बीफ किंवा पोर्क नको. मग?

कोंबडी म्हणजे गा, मासा म्हणजे का, कोळंबी म्हणजे तोम. बीफ म्हणजे बो. पोर्कला उत्तरेत लोन आणि दक्षिणेत हेओ म्हणतात. पाट्या वाचायला एवढं पुरतं. फो गा खास कोंबडीच्या फोच्या दुकानात खा, जिथे रस्साही कोंबडीचाच असतो. दोन्ही विकणाऱ्या ठिकाणी पळी कुठल्या पातेल्यातून येईल सांगता येत नाही. होई आनचा कॉम गा, म्हणजे हळदीच्या भातावर हाताने पिंजलेली कोंबडी, कच्चा कांदा आणि पुदिन्यासारखा पाला, मला फोइतकाच आवडतो.

बीफ टाळणं सोपं आहे, पोर्क टाळणं अवघड. रोलमध्ये, रश्शात, कॉम तामच्या ताटात, तळणीच्या चरबीत ते असतं. अगदी कडक पाळायचं असेल तर चाय दुकान हाच खात्रीचा मार्ग. हलाल हवं असेल तर सायगॉनमध्ये दोंग यू रस्त्यावरच्या मशिदीच्या आसपास बघा.

नकळत कुत्र्याचं मांस खाल्लं जाईल का?

नाही. उत्तरेत काही जण ते खातात, पण ते महाग असतं आणि वेगळ्या दुकानांत विकतात, ज्यांच्या पाटीवर "थित चो" किंवा "थित काय" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फोमध्ये किंवा बान मीमध्ये ते कोणी घालत नाही. हनोईच्या प्रशासनाने २०१८ मध्ये नागरिकांना ते खाणं सोडायचं आवाहन केलं होतं, होई आनने २०२१ मध्ये विक्री टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. तिथली बरीच तरुण मंडळी घरी कुत्री पाळतात आणि या प्रश्नाने दुखावतात. टपरीवर बसून हसत हसत हा प्रश्न विचारू नका.

कुठल्या शहरात काय खायचं?

हनोईत फो आणि बुन चा तर आहेतच. बराक ओबामा आणि टीव्हीवरचे प्रसिद्ध शेफ अँथनी बोर्डेन यांनी मे २०१६ मध्ये हुओंग लिएन या दुकानात बुन चा खाल्लं. ते टेबल आता काचेत ठेवलं आहे. हौस असेल तर जा. पण दुपारी जुन्या शहरात चालताना धुराचा वास येईल त्या दिशेने गेलात तरी तितकंच चांगलं मिळेल. मला हनोईत सर्वांत जास्त ओढ आहे ती चा काची: हळद लावलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच कढईत परततात आणि त्यात ओंजळभर शेपू आणि कांद्याची पात टाकतात. हो, आपला शेपू. शेपूला नाक मुरडणाऱ्या मराठी माणसांनीही हे एकदा खाऊन बघावं. जुन्या शहरातल्या एका रस्त्याचं नावच या पदार्थावरून पडलं आहे. बुन दाउ माम तोम हा शेवया, तळलेला टोफू आणि आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी असा प्रकार आहे. वास उग्र असतो. लिंबू पिळून फेस येईपर्यंत घोटतात, मग तो बसतो.

ह्वे ही १८०२ ते १९४५ न्विन राजघराण्याची राजधानी. तिथले पदार्थ लहान, नाजूक आणि तिखट. बुन बो ह्वेचा रस्सा मला फोपेक्षा जास्त रुचतो: गवती चहा, मिरची, कोळंबीची आंबवलेली चटणी. बान बेओ म्हणजे बशीएवढ्या वाटीत वाफवलेली तांदळाची चकती, वर सुक्या कोळंबीचा चुरा. कॉम हेन हा लहान शिंपल्यांचा भात गरिबांचा पदार्थ आणि अप्रतिम.

दा नांग आणि होई आन एकत्र धरा. "मी क्वांग" या इथल्या पदार्थात रुंद शेवया, वाडग्याच्या तळाशी जेमतेम रस्सा, शेंगदाणे आणि वर मोडून घालायचा भाजलेला तांदळाचा पापड. "मी सोन" या ठिकाणची चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं पाहून परतताना वाटेत मी क्वांगची कितीतरी घरगुती दुकानं लागतात, तिथेच खा. काओ लाउ हा होई आनचाच. त्याच्या शेवया राखेच्या पाण्यात आणि बा ले विहिरीच्या पाण्यात करतात, असं गाव अभिमानाने सांगतं.

सायगॉन (अधिकृत नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी, पण बोलण्यात सायगॉनच) म्हणजे सगळ्या देशाचं खाणं एकत्र. कॉम ताम हा एके काळी गिरणीत उरलेल्या कण्यांचा भात होता, आज शहराची ओळख आहे: कण्या, भाजलेली पोर्क चॉप, अंडं, वर कांद्याच्या पातीचं तेल. फ्रेंच पावाची बान मी आज ज्या रूपात जगभर गेली ते रूप सायगॉनमध्ये घडलं. होआ मा हे १९५८ पासूनचं दुकान काओ थांग रस्त्यावर अजून आहे, तव्यावर अंडी आणि मांस वेगळं देतात आणि पाव वेगळा. शंख-शिंपल्यांसाठी विन्ह खान रस्ता. जुलै २०२५ पासून शहराचे जिल्हे अधिकृतपणे रद्द झाले, पण लोक अजून "चौथ्या जिल्ह्यातला" असंच सांगतात, आणि जुन्या पत्त्यांवरून दुकान सापडतं.

बान सेओ दक्षिणेत मोठा आणि मध्य भागात तळहाताएवढा. तांदळाचं पीठ, हळद आणि दक्षिणेत नारळाचं दूध. कडा कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर ठेवलेलं आपलं घावनच समजा, पोटात कोळंबी, मांस आणि मोड आलेले मूग. तो तोडून मोहरीच्या किंवा सॅलडच्या पानात गुंडाळून सॉसमध्ये बुडवतात. काटा-चमच्याने खायचा प्रयत्न करू नका, हातानेच खातात.

मेकाँगच्या खोऱ्यात कान थोजवळचा काय रांगचा तरंगता बाजार पहाटे पाच-सहाला गाठा. पूर्वीपेक्षा होड्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, तरी होडीतून दिलेला हु तिउ शेवयांचा वाडगा घ्यायला जावंच.

पोट बिघडणार नाही ना?

उकळत्या रश्शातून आणि समोरच्या निखाऱ्यावरून आलेल्या खाण्याने सहसा काही होत नाही. जपायचं ते कोमट, उघड्यावर तासन्‌तास ठेवलेल्या पदार्थांपासून: दुपारी तीनची राइस प्लेट, उन्हातली मेयोनेज आणि पाते घातलेली बान मी. गर्दीच्या वेळी गर्दीच्या ठिकाणी खाल्लं की निम्मा धोका तिथेच टळतो.

नळाचं पाणी पिऊ नका. बर्फाबद्दल लोक घाबरतात. मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातून गाळलेल्या पाण्याचा येतो, तो मी बिनधास्त घेतो. लादी फोडून केलेला चुरा टाळतो. कच्च्या पाल्याबद्दल शंका वाटली तर पहिले दोन दिवस तो गरम रश्शात बुडवून खा. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर मात्र व्हिएतनामीत लिहिलेली चिठ्ठी हवीच, कारण दोन्ही गोष्टी न दिसता सॉसमध्ये असतात.

त्या पाल्याच्या ताटाचं करायचं काय?

खायचं! ते शोभेसाठी नाही. तुळशीचा एक प्रकार, पुदिना, जांभळी पेरिला, काटेरी कोथिंबीर, तिखट राउ राम, आणि दियेप का नावाचं पान ज्याला खरोखर माशाचा वास येतो. पानं हाताने तोडून थोडी थोडी वाडग्यात टाकत राहायची, एकदम सगळी नाही. होई आनजवळ त्रा क्वे नावाचं पाल्याचं गाव आहे. सकाळी सायकलने तिथे गेलात, वाफे पाहिलेत, की संध्याकाळी ताटातलं प्रत्येक पान ओळखू येतं. पाला पुन्हा मागितला तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

बसायचं कसं, मागायचं कसं, काही रीत?

रिकामं स्टूल दिसलं की बसा. अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसणं नेहमीचं आहे. बोलावताना वयाप्रमाणे: तुमच्याहून मोठ्या बाईला "चि ओय", मोठ्या पुरुषाला "आन ओय", लहान कोणी असेल तर "एम ओय". मोठ्याने हाक मारणं उद्धट समजत नाहीत. टेबलावरची मिरची, लिंबू, व्हिनेगर तुमच्यासाठीच आहे, पण आधी एक घोट रस्सा तसाच प्या. ज्याने पहाटेपासून तो केला तो समोरच उभा असतो. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका, ती अगरबत्तीची आठवण करून देणारी, मृत्यूशी जोडलेली गोष्ट आहे. खाणं झालं की उठा, गप्पांसाठी शेजारी कॉफीची टपरी असते.

किती पैसे लागतात? फसवतात का?

एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात. झटपट हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणा. टपरीवर बान मी २० ते ४० हजार डोंग, फोचा वाडगा ४५ ते ८० हजार, थंड दुधाची कॉफी २० ते ३५ हजार. पाटीवर नुसतं "५०" किंवा पुढे के लिहिलं असेल तर ५० हजार समजा.

नोटांकडे नीट बघा: २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही निळ्या आहेत. अंधारात घोटाळा होतो. ५ लाखांची वेगळ्या कप्प्यात ठेवा. स्थानिक लोक क्यूआर कोडने पैसे देतात, पण आपल्याकडे रोख लागते, सुट्टी लागते.

फसवणूक पर्यटकांच्या बाजारात होते, नेहमीच्या टपरीवर फारच क्वचित. समुद्री मासे, शिंपल्या किलोवर विकतात, तिथे वजन आणि भाव आधी लिहून घ्या. टेबलावर ठेवलेला ओला रुमाल आणि शेंगदाणे फुकट नसतात, नको असेल तर हात लावू नका. टिपची पद्धत टपरीवर नाही. आणि दहा हजार डोंगसाठी, म्हणजे तीस-पस्तीस रुपयांसाठी, कावड खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या आजीशी घासाघीस करणं मला पटत नाही.

कॉफीचं काय वेगळं आहे?

ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी व्हिएतनाममध्ये पिकते आणि ती मुख्यतः रोबस्टा, म्हणजे कडू आणि जोरकस. कपावर ठेवलेल्या फिन नावाच्या धातूच्या गाळणीतून ती थेंब थेंब उतरते. ताजं दूध दुर्मीळ होतं त्या काळापासून तळाला कंडेन्स्ड मिल्क घालतात. अंड्याच्या कॉफीची गोष्टही टंचाईचीच: १९४६ मध्ये हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्विन वान झांग यांनी दूध मिळेना म्हणून अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं काफे झांग आजही न्विन हुउ हुआन रस्त्यावर आहे. अंड्याचा वास येईल ही भीती मनातून काढा. ह्वेची मिठाची कॉफी दुपारच्या उन्हात फार बरी वाटते. झोपेचा त्रास असेल तर चारनंतर पिऊ नका.

मिशेलिनच्या यादीतली दुकानं गाठावीत का?

मिशेलिन या फ्रेंच खाद्यमार्गदर्शकाची व्हिएतनाम यादी २०२३ मध्ये हनोई आणि सायगॉनपासून सुरू झाली, २०२४ मध्ये दा नांग आलं. तिच्यात स्वस्त टपऱ्याही आहेत आणि खाणं चांगलंच असतं. पण तासभर रांग लागते. पहिल्या दिवशी एखादं करा, नंतर आपल्या हॉटेलच्या गल्लीत काय आहे ते शोधा.

लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर?

गुडघे दुखत असतील तर बुटकी स्टुलं खरोखर त्रास देतात. "क्वान" किंवा "न्हा हांग" असं लिहिलेल्या जागी आत नेहमीच्या उंचीची टेबलं बहुधा असतात. शेजारून दुसरं स्टूल मागून एकावर एक ठेवलं तरी उंची वाढते, दुकानदार स्वतःच आणून देतात. मुलांना फो गा, कॉम गा, कणीस, चे आवडतं; तिखट वेगळं असल्यामुळे काळजी नाही. रस्ता ओलांडताना हळू, एका गतीने चाला, मध्येच थांबू नका. स्कूटर तुम्हाला वळसा घालतील.

भारतीय जेवण मिळतं का?

हनोई, दा नांग, सायगॉन, सगळीकडे भरपूर मिळतं. सायगॉनशी आपला धागा तसा जुना आहे: फ्रेंच काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचं मरिअम्मन मंदिर त्रुओंग दिन्ह रस्त्यावर आहे आणि तिथे आज व्हिएतनामी भाविकच जास्त दिसतात. दक्षिणेत "का री गा" ही नारळाच्या दुधातली कोंबडीची करी पावाशी खातात, ती शोधा. वरणभाताची फारच आठवण आली तर एखाद्या रात्री भारतीय हॉटेलात जा, त्यात काही वाईट नाही. रोज दोन्ही वेळा मात्र नको.

कधी जावं?

तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात टपरीवाले गावी जातात आणि शहरं सुनी पडतात. फक्त खाण्यासाठी जात असाल तर तो आठवडा टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्वे आणि होई आनला पूर येतात. मार्च-एप्रिल तिन्ही भागांना सोयीचा.

परतताना काय आणावं?

फिन आणि कॉफीची पूड, तांदळाचे पापुद्रे, सुक्या शेवया. फू कोक बेटाचं नुओक माम (माशांचं सॉस) उत्तम, अँचोव्ही मासे आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून केलेलं. पण फुटलेल्या बाटलीचा वास सुटकेसमधून जात नाही आणि काही विमान कंपन्या ती सामानातही घेत नाहीत, तेव्हा आधी नियम बघा. ताजा पाला आणू नका. पेरिला मिळाली नाही तर घरी तुळस-पुदिना वापरा, आणि चा कासाठी शेपू तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे आहेच.